मुळासकट, पाच गुण

ती जागा कुठं आहे ते मी सांगणार नाही. एकदा सांगितली होती, चौतीस जणांना, फळ्यावर खडूनं नकाशा काढून, आणि वर "काही शंका?" असंही विचारलं होतं. कोणालाच शंका नव्हती. तेव्हा आता एवढंच सांगते की मूल गावाहून सायकलनं तासाभरात पोचता येतं. धानाच्या बांध्या संपतात, जंगल अजून लागलेलं नसतं, आणि मधे बरड जमिनीचा एक माळ येतो. माती चार बोटं, खाली नुसता गोटा. पाणी पडलं की वाहून जातं, आणि आठ दिवस ऊन तापलं की इथं कधी पाऊस पडला होता यावर विश्वास बसत नाही. उगवतं ते कुसळी गवत. त्याची कुसळं साडीच्या काठात घुसली की घरी येऊन अर्धा तास उपटत बसावं लागतं. त्या माळाबद्दल गावात कोणालाही विचारलं तर एकच उत्तर मिळायचं, "तिथी काईच नाई."

मी तेव्हा कॉलेजात बी.एस्सी.च्या पोरांना वनस्पतिशास्त्र शिकवत होते. नव्वदचं दशक संपत आलं होतं. कडक होते मी. आता रिटायर झाल्यावर खरं बोलायला हरकत नाही, खडूस होते. आणि माझा सगळा खडूसपणा एका गोष्टीत गोळा झाला होता, ती म्हणजे हर्बेरियम. म्हणजे झाड आणायचं, पेपरात दाबून वाळवायचं, जाड कागदावर चिकटवायचं आणि खाली लेबल लावायचं. कुठं मिळालं, कधी मिळालं, आजूबाजूला काय होतं, सगळं लिहायचं. आणि झाड आणायचं ते मुळासकट. अर्धवट फांदी आणली की शून्य. "झाडाचं अर्धं अंग जमिनीत असतं, ते कोण आणणार, तुझा बाप?" असं मी भर वर्गात विचारत असे. पोट्टे मला मागून मूळमॅडम म्हणत. मला ते माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं.

एका श्रावणात मी एकटीच त्या माळावर गेले होते. गवतात वाकून काहीतरी पाहत होते तर मागून आवाज आला.

"काऊन वो मॅडमबाई, चाबी हरपली का?"

शेळ्या चारणारी एक बाई होती, साठीच्या पुढची, डोक्यावर बोंदऱ्याची, म्हणजे जुन्या चिंध्यांची, चुंबळ, तोंडात तंबाखू. मी म्हटलं, फुलं पाहते आहे.

"फुलं पाह्याले इतल्या उनात? घरी मोगरा नाई लावला का?"

मग तिनंच मला बोलवून एका झुडपाआड दाखवलं. वीतभर उंचीचं रोप, गवतासारखीच पानं, आणि मधे एक हिरवट फूल, पोटात जांभळे ठिपके, वर पाच पट्ट्या टोकाला जुळून कंदिलासारखा आकार. कंदीलपुष्प! त्याच्या जातीतलं, पण मी पुस्तकात पाहिलेल्यांपैकी नाही. हातातली वही कुठं पडली तेही मला कळलं नाही. खोटं नाही सांगत, लग्न ठरलं तेव्हाही असं झालं नव्हतं.

त्या फुलाचा कारभार मोठा गमतीचा. लहानशा माश्यांना वास दाखवून आत घेतं, आतल्या केसांमुळे त्यांना बाहेर येता येत नाही. काम करून घेतलं की केस सुकतात आणि माशी सुटते. आमच्या संस्थेत नोकरी लागलेल्यांना ही पद्धत ओळखीची वाटेल.

बाईला फुलात काही रस नव्हता. तिच्या लेखी ते झाड म्हणजे फक्त खालचा कांदा. "गोड लागते. कच्चाच खाऊन घ्यायचा," ती म्हणाली. मी लगेच तिच्यावर डोळे वटारले, की खाता काय, हे दुर्मिळ आहे! तर ती माझ्यापेक्षा मोठ्यानं ओरडली. "आता कोन खाते? फूल असतानी कोनी काढते का? शेंगा फुटू द्या, म्हातारी उडू द्या, मंग. आन् मंग बी एक-दोनच. अर्धा तोडायचा, अर्धा तिथीच पुरायचा आन् वरून टाच द्यायची. माह्या मायनं शिकवलं." तिनं टाच देऊन दाखवली. मी एम.एस्सी. होते, पहिल्या वर्गात. ही माहिती मला कोणत्याही पुस्तकात मिळाली नव्हती.

त्या दिवशी आम्ही दोघींनी मिळून मोजली. चाळीसच्या थोडी वर भरली. सगळी त्याच माळावर, एका तुकड्यात. पुढच्या आठवड्यात आजूबाजूचे आणखी तीन-चार माळ मी पालथे घातले. एकही नव्हतं. म्हणजे जे होतं ते एवढंच, आणि ते गेलं तर इथून गेलंच. हे माझ्या डोक्यात असं बसलं की भाजीत मीठ टाकायचं राहून जायला लागलं.

मी चंद्रपूरला वनखात्याच्या एका साहेबांच्या ऑफिसात, माळाला कुंपण घाला असा अर्ज घेऊन गेले. टेबलावरच्या बाबूनं तो दोनदा वाचला.

"वाघ हाय का तिथी?"

"नाही."

"बिबट? अस्वल गिस्वल?"

"फूल आहे."

"किती उंच?"

मी हातानं दाखवलं. तो बिचारा हसला नाही, हे त्याचं मोठेपण. चहा मागवला. म्हणाला, "मॅडम, वीतभर झाडाले तार कुठी ठोकू मी? तुमी असं करा, जनजागृती करा. लोकाइले मालूम झालं की लोकच जपतात." मला ते पटलं. तोपर्यंत मी स्वतःच हे वाक्य निबंधांत पन्नास वेळा तपासून दहापैकी आठ गुण दिले होते.

केली मग जनजागृती. चौतीस पोरापोरींचा वर्ग, सायकलींची रांग. माळावर नेऊन गोल उभं केलं, फूल दाखवलं, पाऊण तास भाषण दिलं. "ही आपल्या भागाची इज्जत आहे. हात लावायचा नाही. नुसतं पाहायचं." सगळ्यांनी माना डोलावल्या. एक पोरगी तर रडायला आली होती, असं मला तेव्हा वाटलं. नंतर कळलं की तिच्या पायात कुसळ गेलं होतं. परत आल्यावर गैरहजर असलेल्यांसाठी मी नकाशा फळ्यावर काढला. तोच तो नकाशा.

मग गणपती, मग सहामाही, मग स्नेहसंमेलनात कोण नाचणार आणि कोण नाही यावरची भांडणं. मी माळावर गेलेच नाही. मनात समाधान होतं ना, आता चौतीस राखणदार आहेत.

जानेवारीत हर्बेरियमच्या फायली टेबलावर आल्या. पहिली उघडली. दुसऱ्या पानावर कंदीलपुष्प. सुंदर वाळवलेलं, रंग टिकलेला, आणि खाली कांदा. कांदा जाड म्हणून मधून चिरून दोन्ही फाका शेजारी शेजारी शिवलेल्या, सुईदोऱ्यानं.  कोणीतरी एक मूर्ख निघालाच, असं म्हणत दुसरी फाईल घेतली. कंदीलपुष्प. तिसरी. कंदीलपुष्प. एकानं गादीखाली दाबलं होतं, त्या गादीचा वास कागदाला होता. एकानं 'अतिदुर्मिळ' हा शब्द लाल शाईनं दोनदा अधोरेखित केला होता. चौतीसच्या चौतीस फायली! अख्खा माळ माझ्या टेबलावर चपटा होऊन पडला होता, आणि लेबलं इतकी चोख की मी आयुष्यात पाहिली नव्हती. 'काळ्या गोट्याच्या दक्षिणेस चार पावलं.' 'मोहाच्या बुंध्यापासून दहा पावलं, उतारावर.' मीच शिकवलं होतं ना.

मी वर्गावर गेले आणि जे काही बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. घसा बसेपर्यंत बोलले. शेवटी पहिल्या बाकावरचा एक पोरगा उभा राहिला. चांगला, अभ्यासू पोरगा. "पण मॅडम, दुर्मिळ नमुना असला तर परीक्षक खुश होते, असं तुमीच सांगतलं होतं." सांगितलं होतं. आणखी एकानं सांगितलं की पहिलं दाबताना सडलं म्हणून तो दुसरं आणायला गेला होता, आणि तेही सडलं म्हणून तिसरं. तो हे मेहनतीचा दाखला म्हणून सांगत होता.

मी सगळ्यांना शून्य द्यायचं ठरवलं. प्राचार्यांनी बोलावलं. मोठे शांत गृहस्थ होते, पंखा बंद असला तरी त्याच्याकडे पाहत बोलायचे. "मॅडम, नियम कोणाचा? तुमचाच ना? मुळासकट आणलं तर पाच गुण. पोट्ट्याइनं आणलं. आता पालक येऊन बसले माह्या बोकांडी तर मी काय सांगू, की मॅडमचा मूड बदलला?"  बाहेरून आलेले परीक्षक तर हरखून गेले होते. "वा! असा नमुना आमच्या विभागात एक आहे, अन् तोही मोडका. तुमच्याकडे एका वर्गात चौतीस?" त्यांनी एक मागून नेला.

झक मारत पाच-पाच गुण दिले. पंचवीस जणांना. कारण नऊ फायलींमध्ये नुसता वरचा भाग होता, कांदा नाही. त्या फायली समोर आल्या आणि माझा सगळा राग तिथं निघाला. म्हटलं, हे आळशी साले! डाका टाकायला गेले आणि तोही धड टाकता आला नाही! नऊच्या नऊ जणांना शून्य दिलं, लाल पेनानं, मोठं गोल. सही करताना कागद फाटला एकाचा. नियमाप्रमाणेच होतं सगळं. 

नंतरच्या रविवारी माळावर गेले. गवत वाळून पिवळं पडलं होतं आणि त्यात जागोजागी खळगे दिसत होते. बाई शेळ्यांजवळ बसली होती. मला पाहून तिनंच सुरू केलं.

"डुकरानं सत्यानाश केला पाहा यंदा. एक कांदा नाई ठेवला. एक म्हातारी उडाली नाई."

हो म्हणून निघून येता आलं असतं. डुकराची बाजू घ्यायला तिथं कोणी नव्हतं. मी पाणी प्यायले, चष्मा पुसला, आणि सांगितलं. "डुक्कर नाही, बाई. माझे पोट्टे. मीच जागा दाखवली त्यांना."

तिनं तंबाखू थुंकला.  मला वाटलं आता शिव्या घालेल, आणि खरं सांगते, घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"डुक्कर बी एक-दोन सोडते वो मॅडमबाई," ती म्हणाली. मग शेळ्यांमागे गेली.

उन्हाळा कसा काढला मलाच माहीत. निकाल लागला. नऊपैकी आठ जण शून्य पचवून पास झाले. एक पोरगी प्रॅक्टिकलमध्ये दोन गुणांनी नापास झाली. तोंडी परीक्षेत घाबरली होती, त्यात हर्बेरियमचं शून्य. मला त्याचं काही वाटलं नाही, हे लिहून ठेवते. माझ्या डोक्यात फक्त माळ होता. शंभरदा स्वतःला विचारलं, एखादा तरी राहिला असेल का? एखाद्या सायकलवाल्याच्या नजरेतून सुटलेला? आषाढात दोनदा जाऊन आले. गवत, गवत आणि गवत. बाई लांबूनच हात हलवून सांगायची, नाई, नाई.

श्रावणात तिनं गावच्या दूधवाल्याजवळ निरोप पाठवला. "मॅडमबाईले म्हना, या."

मी सायकल कशी मारली ते आठवत नाही. सात रोपं होती! कंदील लागलेले. बाई एकेका रोपाजवळ मला अशी नेत होती जशी लेकीची बाळं दाखवते. मी तिथंच मटकन बसले, कुसळांत, आणि भोकाड पसरून रडले. बाई म्हणाली, "आता रडता काऊन? गेले तवा रडाचं होतं." तरी पाठीवर हात ठेवला तिनं.

घरी येताना डोक्यात किडा शिरला. ही सातच का वाचली? आणि हीच का? एक तर काळ्या गोट्याजवळ होतं, अगदी वाटेवर, आंधळ्यालाही दिसेल असं. ते कसं राहिलं? काळा गोटा हे शब्द मी कुठं तरी वाचले होते. दुसऱ्या दिवशी कॉलेजात जाऊन कपाट उघडलं, त्या नऊ फायली काढल्या आणि लेबलं वाचली. 'काळ्या गोट्याच्या दक्षिणेस चार पावलं.' 'पळसाच्या दोन रोपांच्या मधे.' 'बंधाऱ्याच्या तुटक्या टोकाशी.' फायली पिशवीत घालून परत माळावर गेले, पावलं मोजली. सातही जागा जुळल्या. ज्यांना मी मुळासाठी शून्य दिलं होतं त्यांचीच मुळं जमिनीत राहिली होती. पाच गुणवाल्या पंचवीस जागांवर गवतसुद्धा धड उगवलं नव्हतं.

आळशी पोट्ट्यांनी वाचवलं म्हणायचं, असं मी घरी येऊन हसत नवऱ्याला सांगितलं. छान किस्सा झाला होता. पण काळ्या गोट्याची फाईल कोणाची ते पाहिलं तेव्हा हसू गेलं. नापास झालेल्या त्या पोरीची होती ती.

तिच्या वडिलांचं बाजारात बांगड्यांचं दुकान होतं. गेले. ती गल्ल्यामागे बसली होती, ओढणी सावरत उठली. कॉलेज सुटलं होतं तिचं. वडील म्हणाले होते, एक साल गेलं ते गेलं, आता दुकान पाहा. मी हात पुढे केला, हिरव्या दे म्हटलं. ती बांगड्या भरायला बसली. माझा हात तिच्या हातात, बोटं दाबून दाबून ती बांगडी वर सरकवत होती. मी विचारलं, "कांदा का नाही आणला तू? आळस केला का?"

"नाही मॅडम. खुरपं होतं ना सोबत."

"मग?"

ती बांगडीकडेच पाहत होती. "तुम्ही म्हटलं होतं हात लावू नका. अन् तुम्हीच म्हटलं होतं फाईल पाहिजे. मग मी वरचं तोडलं आणि खालचं राहू दिलं. मला वाटलं दोन्ही होईल." पुढची बांगडी उचलून म्हणाली, "बाकीच्या आठ जणांनाही मीच म्हटलं होतं, नका काढू म्हणून. त्यांनी ऐकलं माझं."

मला वाटलं जमीन फाटावी आणि आपण आत जावं. चौतीस जणांत एकीनं माझं संपूर्ण ऐकलं होतं, आणि मी तिला लाल पेनानं मोठं गोल शून्य दिलं होतं. मी तिला तसं सांगितलं, त्याच शब्दांत. माझं चुकलं म्हटलं. पुन्हा परीक्षेला बस, फी मी पाहते, घरी मी बोलते, असं भराभर बोलत सुटले. ती नुसती नाही नाही अशी मान हलवत होती. दिवाळीनंतर तिचं लग्न होतं, आरमोरीला.

"फूल आलं का पण?" तिनं विचारलं.

"आलं. सात आली. तुझं सगळ्यात मोठं."

ती हसली. पहिल्यांदाच हसताना पाहिलं मी तिला. तेव्हा मला काय सुचलं कोण जाणे, मी पिशवीतून तिची फाईल काढली, गल्ल्यावरचा पेन घेतला, शून्य खोडलं आणि शेजारी पाच लिहून खाली सही केली. तिच्याकडे सरकवली.

तिनं तो कागद नीट वाचला. वरून खालपर्यंत, लेबलसकट.

"म्हणजे आता मी पास झाले का मॅडम?"

"नाही गं. निकाल लागून गेला आता."

तिनं फाईल बंद केली, दोन्ही हातांनी धरून परत माझ्यासमोर ठेवली आणि माझा दुसरा हात हातात घेतला.

"मग हे तुमच्याजवळच राहू द्या," ती म्हणाली. "तुमच्याच कामाचं आहे."